समोरच्या मागावरचे आण्णा

वहिनी, आणि माग खात्यातल्या माझ्या जुन्या सोबत्यांनो,

मला बोलायला उठवलंत खरं, पण चार माणसांसमोर उभं राहायची माझी सवय केव्हाच मोडली आहे. ती कशी मोडली आणि त्यात आपल्या गणूआण्णांचा काय वाटा, तेवढंच सांगतो. जड जातंय. सांभाळून घ्या.

मी डोंगरातल्या मेढ्याचा. पोटासाठी माधवनगरला गिरणीत आलो, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत दोन सदरे होते आणि डोक्यात शाळेतल्या कविता. तुमच्या आवडी वेगळ्या. जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाला कसं चितपट केलं, कुठल्या जत्रेत कुठला तमाशा रंगला, हेच. आणि त्यात आण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर. शिराळ्याचा गडी, हसायला लागला की पत्रे हलायचे. मी आपला डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे. तुम्ही मला ‘चौथी’ म्हणायचात, म्हणजे चौथीतलं पोर. “काय चौथी, पाढं झालं का पाठ?” त्यात विष नव्हतं, मला माहीत आहे. पण मंडळी, बावीस वर्षं मी एकटा जेवलो. बावीस वर्षं.

सुरुवातीच्याच एका खंडेनवमीची गोष्ट. मागांची पूजा झाली होती. माग थांबलेले. तेवढी शांतता त्या खात्यात वर्षातून एकदाच मिळायची. मागांवर देखरेख करणारा जॉबर म्हणाला, कुणीतरी काहीतरी म्हणा. मी उठलो. आमच्या गुरुजींनी स्वतः रचून आम्हाला शिकवलेली एक कविता होती. डोंगरातून खाली निघालेल्या ओढ्याची. ‘ओढ्या, ओढ्या, सांग ना रे, डोंगर सोडून का जातोस?’ दोन ओळी झाल्या आणि मागून शिट्टी आली. लांबलचक. सगळे हसले. मी खाली बसलो. त्यानंतर माणसांत कविता म्हटली नाही.

मग म्हणायची कुठे? मागावर. त्या खडखडाटात आपण बोलायचो तरी कसे, आठवतं ना? ओठांनी. ‘जॉबर आला.’ ‘कांडी संपली.’ ‘चहा.’ आवाज कुणाचाच पोचायचा नाही, आपण एकमेकांचे ओठ वाचायचो. मीही वाचायचो. आणि तरी, बघा माणूस किती खुळा असतो, माझे ओठ कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही. नजर कापडावर, हात धोट्यावर आणि ओठांवर तो ओढा. कविता ऐकू तर मलासुद्धा यायची नाही.

समोरच्या मागावर कोण होतं? गणूआण्णा.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो. जायला हवं म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू? आण्णांचे कान मागांनी केव्हाच नेले होते, समोरच्याचं बोलणं ते ओठांवरूनच वाचायचे. नातवानं केबल जोडून दिलेली, टीव्हीवर कुस्ती चालू, आवाज पूर्ण बंद. चहा झाला. विषय संपले. कुस्तीतलं मला काही कळत नाही. उठणार, तोच म्हणाले, “आवं, ती वढ्याची म्हणा की.”

“कुठली?”

“दुपार पाळीला म्हणायचा न्हवं का? डोंगार सोडून का जातूस. समदी पाठ हाय मला. तुमच्या त्वांडाकडं बघूनच शिकलो.”

मी म्हटलं, “आण्णा, इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोललो आसतो तर तुमी बंद केलं आसतं. खंडेनवमीला एक शिट्टी मारली, तर मधीच खाली बसला!”

“ती शिट्टी तुमची?”

“मग कुणाची? कुस्ती चांगली झाली की आमी शिट्टीच मारतो. तुमी बसला, तवा मला वाटलं कविता लय बारकी हाय.”

हसा, हसा. मीही हसलो. आणि मग मला टाकीमागची माझी जागा आठवली.

मी तरी त्यांना कधी विचारलं का, की आण्णा, कालची कुस्ती कशी झाली? एकदाही नाही.

मग ते म्हणाले, “एक राह्यलं बघा. तिला चाल हाय का वो? ती कवा कळली न्हाई.”

चाल ओठांवर दिसत नाही, मंडळी. मी मोठ्यानं म्हणायला लागलो. खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच, घसा फोडून. वहिनी, तुम्ही आतून धावत आलात. आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली. नाही. मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटांनी ठेका धरला. ठेका तेवढा पोचला. चाल पोचली नाही. म्हटलं, पुढच्या वेळी सगळी म्हणू, सावकाश.

पुढची वेळ म्हणजे आजची.

मेढा सोडला तेव्हा एकटा होतो, तुमच्यात राहून एकटा होतो. पण ते एकटेपण खरं नव्हतं, समोर कुणीतरी होतं. खरं एकटेपण आता आलंय.

चला, दोन मिनिटं उभे राहू या. आवाज नको, आण्णांना आवाजाची गरज नव्हती. मी त्यांच्या फोटोसमोर उभा राहतो. माझे ओठ हलले तर हलू द्या. आणि मागून कुणी शिट्टी मारली, तरी या वेळी मी मधेच बसणार नाही.