शार्कच्या पाण्यात मीठ

नागेश : आणि हे काय? हे काय म्हणतो मी! टाकीच्या स्टँडमागं खडेमिठाची पुडी कुणी ठेवली?

स्वरूपा : अहो, हळू बोला. शेजारी ऐकतात.

नागेश : ऐकू देत! अख्ख्या कॉलनीला कळू दे! मी आपला विचार करतोय, पंधरा दिवसांत पाचातले दोनच मासे कसे उरले. पुण्यापासनं बारामतीपर्यंत पाण्याची पिशवी मांडीवर धरून आणले होते मी. आई, तूच टाकलंस ना मीठ?

बानूबाई : व्हय. म्याच टाकलं.

नागेश : बघ! वर तोंड करून सांगतेय!

बानूबाई : मग काय पदराआड लपवू? चोरी केली का काय म्या? रोज सकाळी दोन मुठी टाकते. आज चार दिस झालं.

नागेश : अगं, ती टाकी आहे, आमटीचं पातेलं नाही! शार्क आहेत ते, शार्क!

बानूबाई : म्हंजी?

नागेश : समुद्रातला मासा. माणसाचा लचका तोडतो असला.

बानूबाई : समिंद्रातला? मग समिंद्राचं पाणी खारं असतंय न्हवं?

नागेश : हे तसले नव्हेत. हे गोड्या पाण्यातले शार्क. दुकानात गोड्या पाण्यातच होते.

बानूबाई : चाखून बगितलंवतंस का दुकानातलं पाणी?

नागेश : आई, डोकं फिरवू नकोस माझं!

स्वरूपा : माशांच्या मिशा बघितल्या तर आमच्या शेळगावच्या बाजारात उजनी धरणातला शिंगटा येतो ना, त्याचाच भाऊ वाटतोय.

नागेश : तू गप! शिंगटा म्हणे! साहेबांना सांग तसं. सहा वाजता बायकोला घेऊन येणारेत शार्क बघायला. पंधरा दिवस ऑफिसात सांगत सुटलोय मी, अर्धी रजा टाकून घरी आलोय, आणि इथं बघतो तर माझ्या आईनं माशांचं लोणचं घातलंय! सगळं पाणी मोरीत ओतलं मी. ताजं नळाचं भरलंय.

बानूबाई : ओतलंस? समदं?

नागेश : थेंब ठेवला नाही.

बानूबाई : आगं बया बया! म्हणून ते येक तिरकं झालंय. आन् ह्ये दुसरं बघ, तळाला बसून कसं धापा टाकतंय. सकाळी दोगं बी चांगलं फिरत हुतं की रं!

नागेश : तुझ्या मिठानं झालंय ते!

बानूबाई : माझ्या मिठानं? आरं, आल्यापासनं ती काचंला तोंड घासत हुती. वर, खाली, वर, खाली. घासून घासून तोंडं लाल झाल्याली. तुला दिसलं न्हाय. तुला निस्तं पावण्यांनी 'वा वा' केल्यालं दिसतंय. मेंढरं भिताड चाटाय लागली की धा वर्साचं पोरबी वळखतं, ही मीठ मागाय लागली. मूठभर मीठ चारलं की दुसऱ्या दिशी चरत्यात. म्या म्हनलं, हे मुकं जनावर बी काच चाटतंय, येकदा टाकून बगावं.

नागेश : झालं! आली मेंढरं! या घरात मेंढरांचं नाव काढायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलंय?

बानूबाई : का? तोंड इटाळतंय तुजं?

नागेश : व्हय, इटाळतंय! समदी कॉलनी मला साहेब म्हणती आन् तू गेटात हुबी ऱ्हाऊन दूधवाल्याला सांगतीस, आमच्या वाड्यावर दोनशे मेंढरं हुती! काय गरज हाय? काय नडलंय तुजं?

बानूबाई : ऱ्हायलं का साहेबपण? रागावलास की बरं आपलं बोलाय येतंय तुला.

नागेश : आये, लई झालं आता. साडेपाचची एसटी हाय. लोणीला जा. सर्जेदादा हाय तितं, वहिनी हाय. तितं काय चारायचं ते चार.

स्वरूपा : अहो!

नागेश : अहो न्हाय आन् काहो न्हाय. तीन मासे मारले हिनं.

स्वरूपा : त्यांनी नाही मारले.

नागेश : काय?

स्वरूपा : पहिला मासा मेला सोमवारी. दुसरा बुधवारी. तिसरा शुक्रवारी, तुम्ही पाणी बदलून ऑफिसला गेलात आणि तासाभरात. माझ्याच हातानं उचलून जास्वंदीखाली पुरले मी. आत्यांनी मीठ टाकायला सुरुवात केली ती शनिवारी. आज मंगळवार आहे. शनिवारपासून एकसुद्धा मेला नाही. काच घासायचे पण थांबले होते.

नागेश : तुला माहीत होतं?

स्वरूपा : पुडी मीच आणून दिली.

नागेश : वा! सासवा-सुना एक झाल्या! मग सांगायला काय झालं होतं मला?

स्वरूपा : भ्याले. आत्ता जसे ओरडताय ना, तसे ओरडाल म्हणून भ्याले. दर दिवसाआड बादल्या ओतत होतात तुम्ही, आणि दर वेळी मासे मलूल पडत होते. एकदा बोलायला तोंड उघडलं तर म्हणालात, शेळगावच्या शेंबड्या शाळेत शिकवतात का मत्स्यशास्त्र.

बानूबाई : आसं म्हनला? आगं, मग तवाच का न्हाय सांगितलंस मला? कान उपटला आसता.

नागेश : थांबा. थांबा दोघी. पुण्याला फोन लावतो दुकानात. तोच सांगेल काय ते, मग बघतो दोघींकडं.

(फोन लागतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

नागेश : हॅलो? मी बारामतीहून बोलतोय. मागच्या पंधरवड्यात पाच शार्क नेले होते... हो, रुपेरी, काळ्या परांचे. मला एवढंच सांगा, घरातल्या कुणी अडाण्यानं पाण्यात मीठ टाकलं तर मासे मरतात ना?... काय?... टाकायलाच पाहिजे?... खाडीच्या तोंडाचे?... लहानपणी गोडं पाणी चालतं, मोठे होतील तसं मीठ लागतंच?... अहो, मग दुकानात... तुमच्या टाक्यांत मीठ असतं?... मग तेव्हा सांगायचं नाही का!... मी विचारलं नाही? गाडी सुटेल म्हणून... हो. हो, घाईत होतो... नाही, आज सगळं पाणी बदललं. नळाचं. मघाशीच... शिव्या काय देताय?... बरं. विरघळवून. थोडं थोडं. ठेवतो.

बानूबाई : काय म्हनला?

नागेश : काही नाही.

बानूबाई : आरं, काय म्हनला त्यो?

स्वरूपा : तोंडाकडं बघा की त्यांच्या, आत्या. कळतंय काय म्हणाला ते.

नागेश : मीठ लागतं म्हणाला. झालं समाधान? तांब्यात विरघळवून थोडं थोडं ओतायचं, एकदम नाही. स्वरूपा, दे ती पुडी. आणि तांब्या आण. लवकर!

बानूबाई : आगं, कोमट पान्यात इरघळीव. खडा तसाच ऱ्हायला तर अंगाला लागंल त्येंच्या.

नागेश : आई...

बानूबाई : हं.

नागेश : ते एसटीचं मी रागात बोललो. राहा तू. मनावर घेऊ नकोस.

बानूबाई : रागात? येक इचारू? दोरीवरची माझी दोन लुगडी कुनी काढली?

नागेश : कुठली लुगडी?

बानूबाई : कालच्याला, दिवे लागायच्या आदी. म्या खाटंवर पडल्याली. तुला वाटलं डोळा लागलाय. लुगडी घड्या करून पिशवीत घातलीस, वर माझी पानाची चंची ठिवलीस आन् पिशवी दाराआड सारलीस. मीठ घावलं आज. पिशवी भरलीस काल.

स्वरूपा : अहो? खरं आहे हे?

नागेश : मी... साहेब येणार म्हणून... दोनच दिवस...

बानूबाई : आन् आज मीठ घावल्यावर तुजा जीव भांड्यात पडला. आता वराडून लावता येतंय. न्हायतर काय सांगून लावनार हुतास मला? आयला घरातनं काढाय काय सांगायचं ह्याचा इचार करत बसला आसशील रातभर.

नागेश : आई, तू असं धरून बसू नकोस. चुकलं माझं. मी म्हणतोय ना, राहा. अगदी राहा.

बानूबाई : राहू?

नागेश : राहा. आणि मिठाचं तू शोधलंस हे मी मानतो. मनापासून मानतो.

बानूबाई : पावण्यास्नी सांगशील? ह्या मिठाची अक्कल माज्या आयची हाय, मेंढरं राखलेल्या बाईची?

नागेश : ...सांगू की. नंतर कधी. आज नको. साहेबांची बायको जरा... तिचं सगळं इंग्रजीत असतं. तू एक कर ना आई. ते आले की तासभर फक्त... मागच्या खोलीत बस. चहा तिथंच देईल स्वरूपा.

स्वरूपा : आत्या, अहो, असं बघू नका. मी बोलते त्यांच्याशी.

बानूबाई : तू नगं बोलू. तू ते पानी वत, हळूहळू. दोन मुठी हाईत न्हवं? पुरं झालं. उद्या सकाळी परत दोन.

नागेश : कुठं निघालीस? आई! पिशवी ठेव खाली. अगं, पावणेसहा झाले, साडेपाचची गेली. आता थेट उद्या सकाळी आहे गाडी.

बानूबाई : मग स्टँडवर बसंन सकाळपातूर. तितं भाईरच्या बाकावर बसलं तर कुनी आत जा म्हनत न्हाय.