आयत्या वेळचा विषय

कोटरा सुल्तानाबादच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक जोडपं ईसीजीसाठी थांबलं होतं.

"तुमच्या छातीत दुखतं, हे मला माथुरभाभींकडून कळावं?"

"त्या भाषणाच्या क्लबात येतात ना."

"आणि मी घरात असते."

"अगं, शनिवारी आयत्या वेळी विषय दिला. 'घरी न सांगितलेली गोष्ट.' दोन मिनिटं बोलायचं होतं."

"दुसरी गोष्ट नव्हती?"

"तेवढ्यात सुचली नाही."

"मग लोक काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

"दुखण्याला?"

"प्रत्येक भाषणाला वाजवतात, नियम आहे. बक्षीसही मलाच मिळालं."

"एवढ्या माणसांत एकालाही डॉक्टर आठवला नाही?"

"भाषण झालं की त्यातल्या चुका सांगायचं काम एकाकडे असतं. या वेळी मंजूषाताई होत्या. म्हणाल्या, आवाज खणखणीत आहे, पण हात सारखा छातीकडे जातो, ते टाळा."

"मग?"

"टाळतोय."

"विजय खांबेटे, अंदर आइए!"

"चला, उठा. आणि डॉक्टरांसमोर तरी तो हात खिशातून बाहेर काढा."