पंडितरावांचा पिवळा गूळ

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे — माणसानं जगापुढं यावं ते आहे तसं, की बरं दिसेल तसं? सांगा! आहे त... ख्खॉक! ख्खॉक! — अरेरे, ठसका लागला. अहो व्हिडिओवाले दादा, देवस्थानच्या चॅनेलसाठी शूटिंग करताय ना? एवढा ठसका तेवढा नंतर कापून टाका हं! बरं दिसत नाही ते.

हसता काय? ऐका पुढं.

पंचगंगेच्या काठी एक गाव. गावात पूर्वी अकरा गुऱ्हाळं होती, आता एकच उरलं — पंडितराव चौगुल्यांचं. ते एकटंच का टिकलं? तर पाकात रंग उजळवायची पावडर नाही! उसाचा रस काईलीत उकळायचा, भेंडीच्या चिकट पाण्यानं त्यातली मळी वर आणायची, काढायची. बस्स! त्यामुळं गूळ कसा? काळसर! आणि पंडितरावांनी खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय — ‘काळसर आहे, म्हणून अस्सल आहे.’ बाजारात भेटेल त्याला सांगायचे, “पिवळाधमक गूळ दिसला की समजा, पावडर पडली!” दहा वर्षं सांगत होते हो!

पण व्यापारी काळसर गुळाकडं बघून नाक मुरडायला लागले. पंडितरावांनी ठरवलं, आता गूळ थेट लोकांना विकायचा, मोबाईलवरून. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर चुलवाण कायमचं विझवायचं. आणि ते विझलं तर केरबामामा कुठं जाणार? केरबामामा म्हणजे गुऱ्हाळाचा गुळव्या. चाळीस वर्षं काईलीपुढं उभा! पाक कधी उतरवायचा हे एकटा तोच सांगणार.

मग पुण्याहून व्हिडिओ करणाऱ्या मृण्मयीबाई आल्या. म्हणाल्या, “सर, पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरायचा!” तीन सेकंद! मंडळी, आमच्या कीर्तनात तेवढ्यात पेटीवाल्याचं बोटसुद्धा पट्टीवर येत नाही! — रागावू नका हो पेटीवाले.

पंडितरावांनी काय केलं? फेटा बांधला, गॉगल लावला, आणि उसातून चालत आले. किती वेळा? चौदा वेळा! शेवटी ऊस कंटाळला, पण पंडितराव नाही! मृण्मयीबाई म्हणाल्या, “ती भेंडी काढू या, विचित्र दिसते.” काढली! “काईलीजवळचे आजोबा फार घामेजलेत.” तेही काढले! राहिलं काय? पंडितराव! आणि वरून फिल्टर मारला. गूळ झाला हळदीसारखा पिवळा!

त्यांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, बघितलं मात्र — “अवो, ह्यो आपला गूळ न्हवं!”

“तुला काय कळतंय? चकाकतोय कसा बघ की!”

“म्हणूनच म्हणते!”

ऐकतील तर पंडितराव कसले! टाकला व्हिडिओ. दुपारपर्यंत लाखभर लोकांनी बघितला. आनंदाला सीमा नाही! मग आली सांगलीच्या एका काकूंची कॉमेंट — ‘खोक्यावर काळसर, व्हिडिओत पिवळा. खोटं कोण बोलतंय — खोकं की मालक?’

खलास! खाली रांग लागली. ‘पावडर किती घातली, मालक?’ ‘फेट्यालाही तीच लावली का?’ ज्या महिला मंडळाच्या दुकानानं अख्ख्या हंगामाचा गूळ सांगितला होता, त्यांचा फोन आला — “राहू द्या, आम्हाला पिवळा नको.” ज्या पिवळ्या रंगाला माणूस दहा वर्षं शिव्या देत होता, तोच रंग त्यानं आपल्या हातानं आपल्या मालाला फासला! वाईट वाटतं हो. माणूस लबाड नव्हता. नुसता दिसण्याला भुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितराव तोंड पाडून बसले. शालनवहिनींनी मोबाईल उचलला, दुधाच्या किटलीला टेकवून काईलीपुढं उभा केला, आणि सरळ लाइव्ह सुरू केलं! “सांगलीच्या काकू, बघा आता. केरबामामा, काय घालताय ते सांगा.”

“भेंडी! डोळं गेलं व्हय तुझं?”

पंडितराव उठले, फेटा सावरत आले. “मामा, हळू बोला! जरा इकडं बघून हसा की!”

“पाक बघू का तुझा मोबाईल? पाक थांबत न्हाई, पंडबा! सर तिकडं!” आणि हातातल्या लांब झाऱ्यानं असं बाजूला सारलं, की फेटा गेला मळीच्या ढिगात! सगळं जग बघतंय!

“अगं बंद कर ते!”

वहिनी म्हणाल्या, “करते. आधी काकूंना उत्तर द्या.”

मंडळी, त्या माणसाच्या जिवाचं काय झालं असेल! समोर कॅमेरा, डोकं उघडं, मागं धूर.  पण पाक निववायच्या वाफ्यातला कालचा गूळ फोडला, काळसर खडा हातात धरला, आणि म्हणाले, “काकू, खोकं खरं बोलतंय. खोटा मी. त्यो पिवळा रंग मोबाईलचा हुता. आमचा ह्यो असा.”

मागून केरबामामा ओरडला, “आरं, भाषण बास! काईल उतरवायला हात लाव!” आणि मालक पळाले!

संध्याकाळी महिला मंडळाचा पुन्हा फोन. “गूळ पाठवा. पण त्या ओरडणाऱ्या मामांच्याच हातचा हवा!” चुलवाण पेटतं राहिलं, मंडळी! आणि केरबामामाला त्याचं काहीच नाही, की त्या लाइव्हवर आपल्याला लाखभर लोकांनी बघितलं! सांगितलं तर म्हणतो, “मग? त्यातल्या एकानं तरी जाळ घातला का?”

आता वळतो तुमच्याकडं! खाली बघू नका! लग्नाच्या फोटोत मुलगी ओळखू येत नाही — कोणाच्या घरी? देवळात आल्यावर आधी सेल्फी, मग नमस्कार — कोणाचा? अहो, त्याच्यापुढं कसला फिल्टर लावता? त्यानंच तर तुम्हाला उकळून काढलंय! भेंडी कुठं पडली, मळी कुठं राहिली, सगळं त्याला ठाऊक आहे.

आणि मी? मी मोठा सांगणारा! ... अहो दादा. व्हिडिओवाले दादा. मघाचा तो ठसका — राहू द्या. माझाच आहे.

चला, उचला टाळ! आहे त्या गळ्यानं, फाटका तर फाटका — म्हणा नाव त्याचं!