तांदळात लिहिलेलं नाव

मला एक सांगा, तांदळाची पावती असते का हो? वाण्याकडची नव्हे... लग्नानंतर नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो ना, त्या तांदळाची? नसते ना? मग तेच मी कुपवाडच्या साहेबाला सांगत होते, साताऱ्याहून तीन वेळा एस.टी.ने जाऊन सांगितलं, तर तो म्हणतो, "मॅडम, काहीतरी लेखी पाहिजे." अहो, लेखीच होतं की ते. तांदळात होतं, पण लेखी होतं!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? पहिल्यापासून सांगते. मी शकुंतला, शिक्षण जुनी अकरावी. साताऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एकोणीस वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवते. आजवर दोनशे चौतीस लग्नं जुळवली. आता हे 'जुळणं' म्हणजे आमच्याकडचा फार मोठा शब्द आहे बरं का. मुलगा बुटका आहे, मुलगी सावळी आहे, सासू तोंडाळ दिसते, असं कोणी कोणाला तोंडावर म्हणत नाही. सगळे म्हणतात, "स्थळ उत्तम आहे हो, पण पत्रिका जुळत नाही." म्हणणाऱ्याला वाईटपणा नाही आणि ऐकणाऱ्याला उत्तर नाही. हा निरोप मी स्वतः हजार वेळा या घरून त्या घरी पोचवला असेल. तो फिरून माझ्याच दारात येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

तर लॅपटॉप. हो, माझा, हसू नका, आमचे हेही हसले होते. वाईच्या नानासोंची मुलगी मयूरी पाचगणीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, तिने पुण्याहून स्वतःच्या पगारातून तो घेतलेला, तीन वर्षांची गॅरंटी, कार्ड, कार्डावर सही, सगळं व्यवस्थित. तिचं लग्नही मीच जुळवलं, आटपाडीच्या लालासाहेबांच्या वीरधवलशी, मुलगा मिलिटरीत, घरी डाळिंबाची बाग. आता आटपाडीला लॅपटॉप घेऊन काय करायचं, वीज आली तर आली, म्हणून तिने तो मला विकला. पण गुणाची पोर, जायच्या आधी आठ दिवस शेजारी बसून मला मराठी टाइप करायला शिकवलं, आणि म्हणाली, काकू, आता वह्यांचं काम नाही, सगळं यात राहतं.

राहिलं की. चारशे अकरा मुलंमुली, त्यांचं देवक, नाडी, उंची, नोकरी, अपेक्षा... एका बोटाने चार महिने बसून मी ते सगळं आत घातलं, आणि सोळा वह्या, भरलेल्या फॉर्मांसकट, रद्दीवाल्याला दिल्या. फ्लॉपीवर उतरवून ठेवा असंही ती सांगून गेली होती, तर मी फ्लॉपी आणली, चांगली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली. कोरीच.

आणि आमचा वार्षिक मेळावा सोळा दिवसांवर आलेला असताना एका शुक्रवारी सकाळी तो लॅपटॉप काळा पडला. पडला म्हणजे पडला. बटण दाबलं की आत घरघर व्हायची आणि वर अंधार. मी हळू आवाजात त्याला विनवलंसुद्धा, तुम्हाला खोटं कशाला सांगू. कारण मेळाव्यात वाचायची यादी त्यात, छापायची पुस्तिका त्यात, भार्गवी त्यात. भार्गवी म्हणजे कोडोलीची, तेहतीस वर्षांची, सहा ठिकाणी 'जुळत नाही' झालेलं, आणि या वेळी मी तिच्यासाठी किर्लोस्करवाडीकडचा एक मुलगा हेरून ठेवला होता... त्याचा पत्ता कुठे? त्यात.

आमच्या गल्लीत जोतीराम टीव्ही दुरुस्त करतो. त्याने लॅपटॉप कानाला लावला, नारळ हलवून बघतात तसा हलवला, आणि खाली ठेवला. "काकू, ह्याला मी हात लावत न्हाई. कंपनीचं सील हाय. फोडलं की गॅरंटी गेली. कुपवाडला कंपनीच्या सेंटरात जावा की, फुकट करून देत्यात."

फुकट म्हटल्यावर आमचे हेसुद्धा उत्साहात स्टँडपर्यंत सोडायला आले. सातारा ते सांगली लॅपटॉप मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला, शेजारची बाई मला विचारते, किती महिन्याचं आहे? सांगलीला उतरून कुपवाडची रिक्षा, त्या सगळ्या कारखान्यांच्या शेडांमध्ये एक काचेचं दार, आत इतकं गार की मी चपला बाहेरच काढल्या. काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "तुम्हीच मयूरी ना?"

आता बघा हं. इथेच. इथे जर मी 'हो' म्हटलं असतं तर हा सगळा पुढचा रामरगाडा झालाच नसता. पण माझ्या तोंडून काय निघालं? "छे गं, मी कशी मयूरी, मयूरी सव्वीसची, मी शकुंतला." हे घरी सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, व्हायचं होतंस पाच मिनिटं मयूरी, काय बिघडलं असतं? अहो, पण एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत आले की फॉर्मात खरं वय लिहा...

मग आतून साहेब आले. सभ्य माणूस, आवाज मऊ, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सॉरी मॅडम, नाव जुळत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तर नाही. कंपनीचा नियम असा की गॅरंटी पहिल्या मालकाला, दुसऱ्याला नाही. मी म्हटलं, बरं, गॅरंटी राहू द्या, मी पदरचे पैसे देते. तर तेही चालत नाही, कारण आतला पार्ट परदेशातून येतो आणि तो पहिल्या मालकाच्याच सहीने मागवता येतो. नाहीतर तिचं पत्र आणा, म्हणाले, मग बघू.

आणलं की पत्र. विट्यावरून आटपाडी गाठली. लीलाबाईंनी, म्हणजे मयूरीच्या सासूबाईंनी, माझं फार आगतस्वागत केलं, मीच सून मिळवून दिलेली ना. मी सहज म्हटलं, मयूरीला जरा बोलवा. त्या म्हणाल्या, "कुठली मयूरी? गोठ्यातली?"

तर झालं होतं असं, की त्यांच्या जर्सी गाईचं नाव मयूरी. सुनेच्या आधीपासूनचं. "आवं, येकीला हाक मारली आन् दुसरीनं ओ दिली तर? म्हून सुनंचं बदललं. संयोगिता केलं. लय झ्याक नाव हाय." मी म्हटलं, गाईचंच बदलायचं होतं की. तर लालासाहेब ओसरीवरून गंभीरपणे म्हणाले, "तिचं कसं बदलावं? तिच्या इन्शुरन्सच्या कागदावर नाव पडलंय."

म्हणजे गाईच्या नावाला कागद आणि सुनेच्या नावाला तांदूळ. मी हसले तेव्हा. तेव्हा हसले मी, कारण नाव बदलणं म्हणजे आपल्याकडे काय, माझंही बदललेलं, तुमच्यातल्या अर्ध्याअधिक बायकांचं बदललेलं असेल. आमच्या छापील फॉर्मात अकरावा रकानाच आहे, 'नाव बदलण्यास तयार: होय / नाही.' मुली तिथे थबकल्या की मीच सांगते, होय कर गं, तेवढ्यावरून स्थळ कशाला घालवतेस.

मयूरीने, म्हणजे संयोगिताने, बघा माझाही गोंधळ होतो, लगेच पत्र लिहिलं. ते घेऊन मी आठवड्याने पुन्हा कुपवाडला. साहेबांनी वाचलं. मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, पत्रात लिहिलंय 'मी मयूरी', आणि खाली सही केलीय संयोगिता. जुळत नाही." पोरीने सवयीने केली होती हो सही, आणि मीही चष्मा न लावता पत्र पिशवीत टाकलेलं. मी म्हटलं दोघी एकच. ते म्हणाले, तसा पुरावा? रेशनकार्ड? त्यावर संयोगिता. लग्नाची पत्रिका? त्यावर मयूरी. दोन्ही नावं एका कागदावर? आणि तिथे मी तांदळाचं बोलून बसले. साहेबांनी चक्क वहीत लिहून घेतलं, 'तांदूळ', आणि विचारलं, ते तांदूळ आता कुठे आहेत?

कुठे असणार? त्याची दुसऱ्या दिवशी खीर झाली.

पण मग मला आठवलं, फोटो असेल! मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आटपाडीहून मयूरी स्वतः आली, मी साताऱ्याहून गेले, सांगलीच्या स्टँडवर भेटलो, तिच्या काखेत तो भला जाड अल्बम. सासूबाईंनी पाठवलं हो, मनाने चांगली आहे ती बाई. काचेच्या दारातून आत गेलो, साहेबांच्या टेबलावर अल्बम उघडला, हळद, मुंडावळ्या, सप्तपदी, जेवणाच्या पंगती, सगळं ऑफिस गोळा झालं बघायला, आणि आलं एकदाचं तांदळाचं ताट. वीरधवलचा हात, हातात अंगठी, तांदळात अक्षरं... आणि अर्ध्या ताटावर करवलीचा अंबाडा. दिसतं काय, तर 'संयो'. आणि समजा पुरं दिसलं असतं, तरी मयूरी कुठे लिहिलंय त्यात? ते नाव तांदळात लिहीतच नाहीत ना. नवंच तेवढं लिहितात.

साहेबांनाच शेवटी दया आली. म्हणाले, राहू द्या, कार्डावर जशी सही आहे तशी माझ्यासमोर करा, जुळली तर मी अर्ज पुण्याच्या ऑफिसात पाठवतो.

मी मनात म्हटलं, सुटलो. कार्डावरची तिची सही मला पाठ होती, इंग्रजीत, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवून मोराच्या तुऱ्यासारखी केलेली, पाचगणीत पोरं म्हणे त्या सहीची नक्कल करायची. मयूरीने पेन घेतलं. एकदा केली, हसली, नको म्हणाली. दुसऱ्यांदा हात नकळत संयोगिताकडे वळला, खोडलं. तिसऱ्यांदा तुरा आला पण आधीचं नाव गिचमिड. चौथ्यांदा ती कार्ड समोर ठेवून बघून बघून काढायला लागली, आणि आता हसत नव्हती. पाचव्यांदा तिने पेन खाली ठेवलं.

"काकू, येत नाही हो आता," ती म्हणाली.

चौदा महिने झाले होते लग्नाला. चौदा.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, साहेब, मी दोनशे चौतीस लग्नं जुळवली, ही त्यातली एक, या मुलीला मी मयूरी असताना पाहिलंय आणि संयोगिता होताना पाहिलंय, माझ्या शब्दावर तरी घ्या, चारशे अकरा पोरांची नावं आत आहेत. ते म्हणाले, "मॅडम, माझा शंभर टक्के विश्वास आहे. ह्या मयूरीच आहेत. पण सही जुळत नाही." आणि तुम्हाला सांगते, ती मान किंचित तिरकी करणं, तो आवाज, ते वाईट वाटल्यासारखे डोळे... अगदी माझे. मी भार्गवीच्या वडिलांना सहा वेळा अशीच मान तिरकी करून सांगितलं होतं.

सांगली स्टँडवर आम्ही चहा घेतला. मांडीवर टॉवेलातला लॅपटॉप. मी मयूरीला म्हटलं, चुकलंच माझं, सोळा वह्या दिल्या. ती म्हणाली, नाही हो, मीच टाका म्हटलं होतं. मग जरा वेळाने म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, सहज आठवल्यासारखं, "तो अकरावा रकाना मी रिकामा सोडला होता, काकू. तुम्ही 'होय' केलंत."

मी मांडीवरचा टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला.

आटपाडीची गाडी लागली. चढता चढता ती वळून म्हणाली, तुमचं माहेरचं नाव काय हो काकू? आणि मला... हसू नका हं, मला क्षणभर आठवेना. "अंजना," मी म्हटलं. छान आहे की, म्हणाली, आणि अल्बम सांभाळत आत गेली.

घरी आल्या आल्या मी फॉर्मांचा गठ्ठा काढला. यादी तर गेलीच होती, आता मेळाव्यात सगळ्यांना नव्याने फॉर्म भरायला लावायचे, दुसरं काय? छापखानेवाला म्हणाला, उद्याच्या उद्या नवे होत नाहीत. मग मी काळं स्केचपेन घेतलं आणि प्रत्येक फॉर्मावरचा अकरावा रकाना काळा केला. आमच्या ह्यांनी पट्टी धरली. दोनशे फॉर्म. 'तयार' नाही, 'होय' नाही, 'नाही' नाही, नुसता काळा पट्टा, अगदी त्या लॅपटॉपसारखा. जेवायच्या आत संपवले आणि मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी जुळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेळाव्यात पहिला फॉर्म भार्गवीच्या वडिलांनी भरून दिला, आणि त्या काळ्या पट्ट्याशेजारी समासात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'नाव बदलण्यास तयार आहे.'