खांबाला जॅकेट

“मौन तोंडाचं, तसं कानांचंही पाळायचं,” हे सासूबाईंचं सांगणं मौन धरलेल्या मनकर्णाबाईंना संगमनेरच्या स्टँडवर आठवलं. पण रांगेतल्या पुढच्या दोघी बहिणी थांबतील तर ना.

“आमच्या खांबाला जॅकेट घालायचंय, आक्के.”

“ह्या उनात?”

“सिमेंटचं गं. भवती सळया, वरून काँक्रीट. पन आधी जुन्या खांबाला छिन्नीनं टोचायचं. गुळगुळीत ठिवला तर नवं धरत न्हाई, मिस्त्री म्हनला.”

“मग?”

“सून म्हनली, आत्या, मी तेच करते की तुमच्यासंगं.”

“म्हनून रुसून माझ्याकडं निघालीस व्हय? मला तर हसू येतंय.”

“मलाबी आलं हुतं. तिला दिसू नये म्हनून तर निघाले.”

“बरं, बस लागली. चल.”

“तू हो म्होरं. नव्या सिमेंटला सांजसकाळ मीच पानी मारीन, असा शब्द दिलाय तिला.”

पिशवी काखोटीला मारून धाकटी हळूच रांगेतून निघाली आणि घराच्या वाटेला लागली.