सेनापतीला सोडलं

हिंजवडीला जाणारी कंपनीची बस वाकडच्या पुलाखाली नेहमीसारखी अडकली होती. पुढच्या सीटवरच्या दोघी मोबाइलवर राजे-राक्षसांच्या युद्धाची कार्टून मालिका बघत होत्या.

“श्रद्धा, त्या सेनापतीला या राणीनं सोडलंच कसं? हिचं अख्खं गाव जाळलं होतं त्यानं!”

“म्हातारा झालाय गं आता तो.”

“म्हणून काय झालं? तू सोडलं असतंस?”

“सोडलंच की. माझा जुना मॅनेजर आठवतो? बाबा आयसीयूत होते आणि शुक्रवारी सॉफ्टवेअर रिलीज आहे म्हणून त्यानं मला सुट्टी दिली नव्हती.”

“आठवतो ना. तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं.”

“मार्चमध्ये तो आमच्याकडे इंटरव्ह्यूला आला. नोकरी गेलेली, केस पिकलेले. इंटरव्ह्यू घ्यायला समोर मी.”

“हाकललंस ना?”

“घेतलं त्याला. माझ्याच टीममध्ये.”

“धन्य आहेस बाई! मला नसतं जमलं.”

“काल त्यानं सुट्टी मागितली. गावाकडे आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणे.”

“अरे देवा. मग, दिलीस ना?”

“शुक्रवारी रिलीज आहे, चैताली.”