हौसाच्या होडीचा रंग

…आणि वर म्हणायचं काय, तर "पाठ टेकूक फळी होयी!" अहो, होडीला! पडावाच्या, म्हणजे शिडाच्या गलबताच्या, शेपटीला बांधायची एवढीशी होडी ती, पडाव नांगरला की त्यावरून किनाऱ्यावर यायचं आणि किनाऱ्यावरून परत पडावावर जायचं, खोकला येऊन थांबेपर्यंत तिचा प्रवास संपतो, तेवढ्यात पाठ टेकणार कोण आणि कधी? पण नाही! त्या वर्षी आमच्या वाडीत जो उठला तो त्या होडीला काहीतरी लावायलाच उठला. आणि जो यायचा तो कुंपणावर हात ठेवून आधी एकच विचारायचा, "रंग ठरलो काय गो हौसा?"

तुम्हांला म्हणून सांगते, नाहीतर मी कोणाच्या घरात डोकावणारी बाई नव्हे. पण कुंपण मोडकं, त्याला मी काय करू? हौसा माझी शेजारीण. लवू तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे पडावावरचा राजा, तो म्हणेल तेव्हा शीड चढायचं, तो म्हणेल तेव्हा उतरायचं. बरं, पडावावर राजा असावं माणसानं, पण हा घरी येऊनही शीडच उतरवायला सांगायचा हो! लुगड्याचा काठ कसला, तो ठरवणार. म्हशीचं नाव काय, तो ठरवणार. सोलकढीत मिरची किती, तेही हाच! आणि हौसा आपली "बरां" म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून "बरां", दुसरा शब्दच नाही.

तेव्हा गोवा अजून फिरंग्याकडे होता. हद्दीवर पहारा, इकडचं माणूस तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही. त्या वर्षी लवूच्या पडावाची जुनी होडी कुजली. प्लासिद मेस्ताला, आमच्या ख्रिस्ती सुताराला, काम दिलं, फणसाच्या फळ्या हौसाच्या अंगणातच आल्या, दिवसभर ठकठक ठकठक, आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या, ते राहू दे. हंगामाची शेवटची खेप होती, लवू मंगळूरकडे कौलं भरायला निघाला, पायरी उतरला, तुळशीकडे गेला, आणि काय मनात आलं कोण जाणे, मागे वळून म्हणाला, "होडीचो रंग तू पसंत कर गो. आणि काय लावक होया-नको, ता मेस्ताक तूच सांग. वल्ह्यांचा लाकूड मी थयसून हाडतंय."

आणि गेला!

हौसा तिथेच, हातात ताकाचा पेला. कुंपणाकडे आली आणि मला विचारते, "काकी, माका इचारल्यानी?" म्हटलं, "तुकाच. हंय दुसरा कोण आसा?" तुम्हांला काय सांगू, ते आठ-पंधरा दिवस ती बाई रंगानं वेडी झाली. खंड्या पक्षी बसला की त्याचा निळा बघायची. कोणाची चोळी दिसली, हात लावून बघायची. भर बाजारात एका कोळणीला थांबवून तिच्या टोपलीतल्या माशाचा रंग डब्यात मिळेल काय म्हणून विचारलंन! सकाळी निळा ठरे, दुपारी जांभळा, दिवेलागणीला पुन्हा सगळं पुसून नवं. मी कंटाळले. म्हटलं, बाये, होडी आहे, नवरी नव्हे. तर लाजली! आता यात लाजण्यासारखं काय होतं?

मग मिरग जवळ आला. एकेक पडाव परत आला, लोकांनी वर ओढला, झापांनी शाकारला. काल ह्याचा आला, आज त्याचा आला. लवूचा आला नाही. मग पाऊस लागला, दर्या खवळला, पडाव घालायची सोय उरली नाही, आणि तरीही आला नाही.

आता आमच्याकडे रीत अशी, की न आलेल्या पडावाचं नाव काढायचं नाही. बोललं की दर्या ऐकतो. मनात आलं तरी गिळायचं. पण बाईच्या दारात जायचं तर काहीतरी बोलायला नको? मुक्यानं उभं राहिलं तर ते अधिकच वाईट! मग काय बोलणार? अंगणात होडी उभी. "रंग ठरलो काय गो हौसा?"

झालं! सगळ्या वाडीला तोच एक प्रश्न सापडला. सकाळी पाण्याला जाताना तोच, संध्याकाळी येताना तोच. डोळ्यांत पाणी घेऊन बायका यायच्या, पदर तोंडाला लावायच्या, आणि विचारायच्या काय, तर रंग! हौसा म्हणे, "बघतंय."

आणि नुसतं विचारून जीव शांत होईना, मग देणं सुरू झालं. आनंदीबाई, वरच्या आळीतली, बोलायला लागली की कावळे उडतात, ती आली आणि म्हणाली, "पाठ टेकूक फळी होयी गो. लवू थकान येतलो, टेकूक नको?" येतलो म्हणाली, बघा! सगळ्यांनी माना डोलावल्या, होया होया! फळी लागली. प्लासिदाची बायको ईडा, तिनं घरातला फुलाफुलांचा पडदा काढून आणला, होडीवर सावली करायला. समुद्रात सावली! हौसाचा दीर सत्यवान, त्यानं पितळेची कडी आणली आणि कंदील टांगायला खिळा ठोकला. हौसाचं दर वेळी एकच, "लावा." आवाज वर नाही, खाली नाही. माशाचं कालवण ढवळावं तसं "लावा." त्या दिवसांत तिच्या कालवणाला मीठ नसायचं, किंवा दोनदा असायचं, आणि ती दोन्ही सारखंच जेवायची.

मग पिंगुळीहून कोणाच्या तरी ओळखीनं एक चितारी आला. त्याचं काम रावण आणि राक्षस काढायचं. म्हणाला, "होडीक डोळे होये, वाट दिसाक." हौसा म्हणाली, "लावा." त्यानं काढले. अहो, केवढे! कानापर्यंत! होडीला कान नव्हते म्हणून थांबला. ती होडी अशी काही बघायची अंगणातून, की जणू तुम्हीच कुठेतरी काहीतरी केलंय. माझी गाय तीन वाटा सोडून चौथ्या वाटेनं यायला लागली.

पण रंग? रंग काही ठरेना. आनंदीबाई म्हणाली, "हिरवो दी. सवाष्णीचो रंग." तशी हौसा कधी नव्हे ती बोलली. म्हणाली, "हिरव्या पाण्यात हिरवी होडी. हरावली तर दिसतली कशी?" तो शब्द पडला मात्र आणि सगळ्या बायका अशा गप्प, की घरात म्हैस रवंथ करते ते मला कुंपणापलीकडे ऐकू आलं. आनंदीबाईसुद्धा गप्प! मग कोणीतरी घसा खाकरून म्हणालं, "तर… रंग ठरलो काय?"

आणि एके सकाळी हौसा दार उघडून बाहेर आली, तर अंगणात पांढरीशुभ्र होडी!

मीच ओरडले आधी. मग आनंदीबाई धावत आली, "मेस्ता, ह्या काय केलंस रे? तुका काय अक्कल?" बिचारा प्लासिद, हातात कुंचला, नाकावर पांढरा ठिपका, त्याला कळेचना. "हो रंग न्हय गो बाय! हो रंगाच्या खालचो रंग! पयलो हात पांढरोच लागता, तेच्यार मगे खयचोय रंग, होयो तो, चढता." "पांढरो!" "मगे काय झाला? आमच्यात व्हंकल, न्हवरी गो, पांढऱ्यातच येता! इगर्जीत जा, बघ!" ईडानं मागून त्याला असा चिमटा काढला की कुंचला पडला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. हौसाच्या कपाळाकडे बघितलंन, हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघितलंन, आणि तो बाप्या मटकन खालीच बसला. "चुकलंय बाय… चुकलंय…" हौसा म्हणाली, "ऱ्हवांदे. सुकांदे." आणि झाडू घेऊन अंगण झाडायला लागली. होडीभोवती झाडलं. होडीच्या खालीही झाडलं. रडणं नाही, ओरडणं नाही. मला वाटलं, निदान माझ्यावर तरी खेकसावं. नाही.

त्या दिवसापासून एक नवीन सुरू झालं. जेवण झालं की ती जाऊन त्या होडीत बसायची. पाठ टेकायच्या फळीला पाठ टेकून, वर ईडाचा पडदा, मांडीवर सूप, तांदूळ निवडत. पुढे ते दोन डोळे रस्त्याकडे वटारलेले. रस्त्यानं जाणारा माणूस चप्पल हातात घेऊन जायचा.

नारळी पुनव आली. दर्याला नारळ देऊन माणसं परतली आणि सत्यवान चार वडीलधाऱ्यांना घेऊन अंगणात उभा. खाली बघत म्हणतो, "वयनी, आता देवाक इचारूक होया. कौल लावया. असा किती दिवस?" काय विचारायचं ते कोणी बोललं नाही, पण सगळ्यांची नजर एकदा तिच्या बांगड्यांवर जाऊन आली. तिनंही ती बघितली. नंतर तिनंच मला सांगितलं, "काकी, तेव्हा माज्या हातांका काय्येक कळत नव्हता. कोणाचे तरी हात, असा वाटत होता." सत्यवानाला मात्र सरळ म्हणाली, "जावया. पण इचारतलंय मी."

देवळात गर्दी काय सांगू! गुरवानं देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे, डावीकडे, आणि लावलंन गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा!" आणि सगळी माणसं, "व्हय म्हाराजा!" "आज लवू तांडेलाची घरकारीण तुज्या पायाकडे इली हा…" "व्हय म्हाराजा!" "तिका जो काय गुंतो पडलो आसात, तो सोडव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" गुरव म्हणाला, "इचार गो बाय."

हौसा पुढे झाली. हात जोडलेन. आणि म्हणते कशी, "देवा म्हाराजा, होडीक तांबडो रंग देवचो आसात तर उजवी पाकळी दी. हिरवो देवचो आसात तर डावी."

कोणाला काही कळलंच नाही! गुरवाचं तोंड उघडं, सत्यवानाचं उघडं, आणि मागून एक म्हातारा, बहिराच तो, सवयीनं ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"वयनी, तुमी ह्या काय इचारलात?"

"रंग." हौसा म्हणाली. "सगळी वाडी ताच इचारता ना?"

तांबडा कुंकवाचा, हिरवा बांगड्यांचा. उजवी पडो की डावी. पांढरा तिनं देवाला विचारलाच नाही. आणि आमच्या देवळात एका दिवशी एका घराचा एकच कौल, दुसरा विचारायची सोय नाही! बसली सगळी माणसं पाकळीकडे बघत. पाकळी पडेना. माझे पाय भरून आले, आनंदीबाईनं दोनदा जांभई दिली, आणि मग पडली. उजवी.

होडी तांबडी झाली. अशी तांबडी, की त्या डोळ्यांसकट ती आता रागावलेली दिसायला लागली.

आणि चतुर्थीच्या थोडं आधी, भर दुपारी, बांद्याकडून येणाऱ्या एष्टीतून उतरून एक माणूस अंगणात आला. दाढी छातीवर, अंगात कोणाचीतरी पाटलोण, कमरेला सुंभ बांधलेला. लवू तांडेल! पाटलोणीत! मी कुंपणाला धरून उभी. हौसा होडीत बसलेली, सूप मांडीवर. हा पुढे येऊन तिला हाक मारेल, काहीतरी बोलेल… छे! तांडेल तो. आधी होडीभोवती एक फेरी मारलीन.

"हो रंग कोणी पसंत केल्यान?"

"देवान."

"आणि ह्ये डोळे?"

"पिंगुळीकारान."

"पडदो?"

"ईडाबायन."

"मगे तू काय केलंस?"

"मी 'लावा' म्हटलंय."

त्यानं पुन्हा एक फेरी मारली. वाकून आत बघितलंन. "आणि वल्ही खंय आसत?"

बघा हं! कडी होती, कंदिलाचा खिळा होता, पडदा होता, डोळे होते, पाठ टेकायला फळी होती. सगळ्या वाडीनं जीव ओतला होता, आणि वल्ह्यांचं नाव कोणी काढलं नव्हतं, कारण वल्ह्यांचं लाकूड लवू पडावावरून आणणार होता. हौसानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "ती तुमी हाडतलात ना?"

लवू मातीत बसला. "पडाव गेलो गो. फिरंग्याच्या हद्दीत खडकार चढलो, तुकडे झाले. आमका थयच्या लोकांनी काढल्यानी. पण हद्द बंद, सोडूक कोण तयार नाय, सांगणा धाडूक वाट नाय… आता सोडल्यानी, तसो इलंय."

"माणसां?"

"माणसां सगळी आसत. आपापल्या गावाक गेली."

हौसानं सूप बाजूला ठेवलं. होडीतून उतरली. पदर झटकला. "मगे जेवक चला," म्हणाली. आणि मी ऐकते आहे कुंपणापलीकडून, आत पानं मांडल्याचा आवाज, मग लवूचा, "मीठ नाय गो ह्येच्यात." आणि मग, तुम्हांला सांगते, इतक्या महिन्यांनी ती बाई रडली. मिठावरून! हमसून हमसून! लवू आपला घाबरून म्हणतोय, "ऱ्हवांदे गो, ऱ्हवांदे, बरा लागता असाच…"

दुसऱ्या दिवशी लवू त्या होडीत, फळीला पाठ टेकून, पडद्याखाली. ना पडाव, ना वल्ही. रस्त्यानं माणसं येत होती. आता बुडालेल्या पडावाचं नाव तरी कसं काढायचं हो तांडेलासमोर? आनंदीबाईनं कुंपणावर हात ठेवला, पदर तोंडाला लावला.

"लवू, नव्या पडावाचो रंग ठरलो काय रे?"

तांडेलानं मान वळवून घराकडे बघितलंन. आतून, चुलीपासून, हौसाच बोलली.

"पांढरो सोडून खयचोय."